प्राग–व्हिएन्ना–बुडापेस्ट २०२७: उन्हाळी सुट्टी, दिवाळी की नाताळ?

केशरी_छत्री (धागाकर्ती)

प्राग, व्हिएन्ना आणि बुडापेस्ट, प्रत्येकी ४ रात्री, अशी सहल २०२७ मध्ये करायची आहे. माणसं चार: आम्ही दोघं, ११ वर्षांची मुलगी आणि ६८ वर्षांच्या सासूबाई. सासूबाईंचे गुडघे दुखरे आहेत. मध्ये बसायला मिळालं तर दिवसाला ५ किलोमीटर चालू शकतात. सगळे शाकाहारी, अंडं चालतं. पाहायचं ते असं: प्रागचा किल्ला आणि चार्ल्स ब्रिज, व्हिएन्नाचा शोनब्रुन राजवाडा, तिथेच एक ऑपेरा, बुडापेस्टमधली गरम पाण्याची कुंडं आणि रात्रीची डॅन्यूब.

शाळेमुळे तीनच पर्याय उरतात: १५ एप्रिल ते ५ जून, दिवाळी किंवा नाताळ. शोधलं की सगळीकडे 'मे-जून किंवा सप्टेंबर उत्तम' एवढंच मिळतं. कोणी तारखांसकट सांगेल का?

दूरदर्शी

आधी एक विनंती. तापमानाचा तक्ता बाजूला ठेवा आणि उजेडाचा तक्ता घ्या. आपल्याकडे मुंबईत डिसेंबरातला सर्वांत छोटा दिवससुद्धा ११ तासांच्या आसपास असतो, त्यामुळे सहल ठरवताना दिवस किती मोठा आहे हा प्रश्नच आपल्या डोक्यात येत नाही. प्रागमध्ये २१ जूनला १६ तासांहून जास्त उजेड असतो आणि २१ डिसेंबरला जेमतेम ८ तास. थंडीवर जाकीट घालता येतं, अंधारावर उपाय नाही.

सूर्यास्त ढोबळमानाने असे धरा. २० एप्रिलला प्रागमध्ये रात्री ८, बुडापेस्टमध्ये ७:४०. मेच्या अखेरीस प्रागमध्ये ९ वाजत आलेले असतात, बुडापेस्टमध्ये साडेआठ. १ नोव्हेंबरला प्राग आणि व्हिएन्नात ४:४०, बुडापेस्टमध्ये त्याच्याही आधी, साडेचारच्या आत. बुडापेस्ट बरंच पूर्वेला आहे आणि घड्याळ मात्र तेच, म्हणून तिथे अंधार लवकर पडतो. डिसेंबरात तर ४ वाजायच्या आत दिवे लागतात.

पण जास्त उजेड म्हणजे जास्त चांगलं, हेही तुमच्या यादीला लागू नाही. रात्रीची डॅन्यूब पाहायला रात्र व्हायला हवी. मेच्या शेवटी पूर्ण काळोख पडेपर्यंत ९ वाजून जातात. मग बोट, मग परतीची ट्राम, म्हणजे सासूबाई आणि मुलगी झोपेपर्यंत ११. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात सव्वाआठलाच संसदेची इमारत आणि साखळी पूल सोनेरी उजेडात न्हालेले दिसतात आणि साडेनऊला तुम्ही खोलीवर असता. तुमच्या यादीसाठी माझं मत एप्रिलच्या उत्तरार्धाला.

गवती_चहा

एप्रिलमध्ये थंडी नाही का वाजणार? आणि पाऊस?

दूरदर्शी

सकाळी ५–६ अंश, दुपारी १५–१८, मध्येच एखादा दिवस २२ चा आणि एखादा १० चा. एप्रिल लहरी असतो. पण पावसाबद्दल आपला अंदाज उलटा आहे. या तिन्ही शहरांत सर्वांत जास्त पाऊस मे ते जुलै या काळात पडतो, दुपारच्या वळवासारख्या सरींनी. हिवाळ्यात मिलिमीटर कमी पडतात, पण दिवसच्या दिवस राखाडी आणि भुरभुर. म्हणजे पाऊस टाळण्यासाठी मे-जून गाठायचा, या हिशेबात अर्थ नाही.

कपड्यांचं एकदाच लिहितो. एक जाड कोट नेण्यापेक्षा तीन थर न्या: सुती अंगालगतचा, त्यावर लोकरी किंवा फ्लीस आणि सर्वांत वर टोपी जोडलेलं वारा-पाऊस अडवणारं जाकीट. छत्रीवर विसंबू नका, व्हिएन्नातला वारा घडीची छत्री उलटी करतो. बुटांचा तळ जाड हवा, कारण प्रागच्या जुन्या भागात सगळीकडे दगडी फरसबंदी आहे आणि पातळ तळव्यातून प्रत्येक दगड गुडघ्यापर्यंत पोचतो.

पंचांगवाला

तापमान आणि उजेड यानंतर तिसरी गोष्ट म्हणजे सुट्ट्यांचं कॅलेंडर. आपण आपल्या सुट्ट्या बघतो, त्यांच्या बघत नाही. २०२७ चं मांडून देतो.

ईस्टर २८ मार्चला आहे, म्हणजे बराच लवकर. त्यामुळे तिकडच्या ईस्टरच्या सुट्ट्या एप्रिल सुरू होता होता संपतात आणि जवळजवळ अख्खा एप्रिल मोकळा राहतो. असं दरवर्षी होत नाही.

मेमध्ये मात्र खड्डेच खड्डे आहेत. १ मे शनिवारी येतो, तिन्ही देशांत सुट्टी. ६ मे गुरुवार, ऑस्ट्रियात सुट्टी. गुरुवारची सुट्टी आली की मधला शुक्रवार रजा टाकून लोक ४ दिवस बाहेर पडतात, त्यामुळे ५ ते ९ मे गाड्या आणि हॉटेलं दोन्ही भरलेली. ८ मे चेकियात राष्ट्रीय सुट्टी. त्या दिवशी तिथे २०० चौरस मीटरपेक्षा मोठी दुकानं कायद्यानेच बंद असतात, छोटी उघडी. गंमत अशी की १ मेला तीच मोठी दुकानं उघडी असतात. १७ मे सोमवार, ऑस्ट्रिया आणि हंगेरीत सुट्टी, म्हणजे १५–१७ मे जोडून सुट्टी. २७ मे गुरुवार, ऑस्ट्रियात पुन्हा सुट्टी.

शिवाय प्रागमध्ये 'प्राग स्प्रिंग' हा संगीत महोत्सव दरवर्षी १२ मेला, चेक संगीतकार स्मेतानाच्या स्मृतिदिनी, सुरू होतो आणि जूनच्या सुरुवातीपर्यंत चालतो. शास्त्रीय संगीताची आवड असेल तर तो जायचं कारण आहे, नसेल तर हॉटेलचे दर वाढण्याचं.

मेच जमत असेल तर मधली मोकळी पट्टी १८ ते २६ मे. १२ रात्री हव्यात तर १८ ला बुडापेस्टपासून सुरुवात करा आणि २५ पर्यंत प्राग गाठा, कारण २७ ची सुट्टी चेकियात नाही.

डॅन्यूबकाठ

व्हिएन्नात राहते, म्हणून इथल्या हॉटेलदरांबद्दल एक गोष्ट सांगते जी पर्यटनाच्या लेखांत येत नाही. इथे दर ठरतात ते पर्यटकांपेक्षा अधिवेशनांवर. दोन मोठी अधिवेशनं लक्षात ठेवा: रेडिऑलॉजी तज्ज्ञांचं युरोपीय अधिवेशन, जे फेब्रुवारीच्या शेवटी किंवा मार्चमध्ये भरतं, आणि भूविज्ञानाचं, ज्याला हजारो लोक येतात. हे दुसरं वसंतात येतं आणि त्याची तारीख सरकते. २०२४ मध्ये ते १४ ते १९ एप्रिल होतं, २०२५ मध्ये २७ एप्रिल ते २ मे. त्या आठवड्यात साध्या तीन तारांकित हॉटेलचे दरही चढतात आणि उ-१ मेट्रो मार्गावरची हॉटेलं आधी भरतात, कारण अधिवेशन केंद्र त्याच मार्गावर आहे.

म्हणून विमानाचं तिकीट काढण्याआधी हे करा. व्हिएन्नातलं कोणतंही एक मध्यम हॉटेल निवडा. ३ रात्रींचा तुकडा घ्या, मंगळवार ते शुक्रवार. त्याच हॉटेलचा दर एकेक आठवडा पुढे सरकवत ८ आठवडे टिपा. एखाद्या आठवड्यात आकडा दीडपट-दुप्पट झाला की समजायचं, त्या आठवड्यात शहरात काहीतरी आहे. कारण शोधत बसायचीही गरज नाही, तो आठवडा सोडायचा. प्राग आणि बुडापेस्टसाठी हेच शनिवार-रविवार धरून करा, कारण तिथे आठवडाअखेरीला युरोपभरातून मित्रांचे गट येतात आणि मंगळवारचा दर फसवा निघतो.

केशरी_छत्री

हे फारच उपयोगी. ऑपेराचं काय? मुलीला दाखवायचाच आहे.

डॅन्यूबकाठ

व्हिएन्ना स्टेट ऑपेराचा हंगाम सप्टेंबर ते जून. जुलै-ऑगस्टमध्ये तिथे प्रयोग नसतात. त्या दोन महिन्यांत पांढरे केसांचे टोप घातलेले लोक रस्त्यावर ज्या 'मोझार्ट कॉन्सर्ट'ची तिकिटं विकतात, ते पर्यटकांसाठीचे कार्यक्रम आहेत, ऑपेरा नव्हे. जुलै-ऑगस्ट सुचवणाऱ्यांनी हे आणि बिनएसीच्या जुन्या इमारती, दोन्ही लक्षात घ्यावं. उष्णतेच्या लाटेत व्हिएन्ना आणि बुडापेस्टमध्ये पारा ३५ च्या वर जातो आणि जाड भिंती रात्रीपर्यंत तापलेल्या राहतात.

एप्रिलमध्ये हंगाम ऐन भरात असतो. उभ्याने पाहायची तिकिटं स्वस्त, साधारण १० ते २० युरो, आणि प्रयोगाच्या दिवशीच विकतात. आत गेल्यावर प्रत्येक जागेसमोरच्या कठड्याला स्कार्फ किंवा रुमाल बांधायचा, मग ती जागा तुमची. एसटीत खिडकीतून रुमाल टाकतो ना, तसंच, आणि बांधलेल्या रुमालाला इथे कोणी हात लावत नाही. पण सासूबाईंना तीन तास उभं राहणं झेपणार नाही, तेव्हा तुम्ही बसायचीच तिकिटं घ्या. घेताना दोन गोष्टी पाहा. बाजूच्या बॉक्समधली मागची जागा स्वस्त असते, पण तिथून अर्धा रंगमंच दिसत नाही. तिकिटावर तसं लिहिलेलं असतं. दुसरं, प्रयोगाची लांबी. काही ऑपेरा पाच तास चालतात. मुलीसाठी अडीच-तीन तासांच्या आतला निवडा. प्रत्येक आसनासमोर छोट्या पडद्यावर इंग्रजी भाषांतर येतं, त्यामुळे कथा तिला कळेल.

संग्रहालयांचा वार पाहा. कुन्स्टहिस्टोरिशेस हे मोठं कलासंग्रहालय सप्टेंबर ते मे सोमवारी बंद असतं आणि गुरुवारी रात्री ९ पर्यंत उघडं. रविवारी व्हिएन्नात दुकानं बंद. दूध-पाव लागलाच तर मुख्य रेल्वेस्थानकातलं सुपरमार्केट उघडं सापडेल.

पश्चिमरंग

दिवाळीबद्दल कोणीच बोललं नाही, म्हणून लिहितो. 'दिवाळीत युरोप कसा असतो' या प्रश्नाला एक उत्तर नाही, कारण दिवाळी सरकते आणि तिकडचं घड्याळ ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी एक तास मागे जातं. दिवाळी त्या रविवारच्या अलीकडे की पलीकडे, यावर सगळं अवलंबून आहे.

२०२७ मध्ये लक्ष्मीपूजन २९ ऑक्टोबरला आणि घड्याळ बदलतं ३१ ऑक्टोबरला. भाऊबीज करून निघालात की पोचता नोव्हेंबरात. १ नोव्हेंबरला ऑस्ट्रिया आणि हंगेरीत सुट्टी. दुपारी साडेचार-पावणेपाचला अंधार. प्रागच्या किल्ल्यातल्या इमारती एप्रिल ते ऑक्टोबर ५ पर्यंत उघड्या असतात, नोव्हेंबर ते मार्च ४ पर्यंतच. किल्ल्याच्या बागा तर हिवाळाभर बंद. डॅन्यूबच्या वाखाउ खोऱ्यातल्या बोटींचा हंगामही ऑक्टोबरअखेर संपलेला. पानगळीचे रंग उतरलेले आणि नाताळचे बाजार अजून लागलेले नाहीत. व्हिएन्नाच्या नगरभवनासमोर नुसत्या लाकडी टपऱ्या ठोकायचं काम चालू असतं. दोन हंगामांच्या मधल्या फटीत सापडायचं झालं.

दिवाळीतच जायचं असेल तर २०२८ पर्यंत थांबा. तेव्हा लक्ष्मीपूजन १७ ऑक्टोबरला आहे आणि घड्याळ बदलतं २९ ला. २० ऑक्टोबरला प्रागमध्ये ६ वाजता सूर्य मावळतो, दुपारी १३–१४ अंश, तिथली पेत्रशिनची टेकडी आणि शोनब्रुनची झाडी पिवळीजर्द, बागा-बोटी सगळं सुरू. आपल्या दिवाळीच्या सुट्टीत इतका छान ऑक्टोबर क्वचितच मिळतो. फक्त २३ ऑक्टोबर हंगेरीत, २६ ऑस्ट्रियात आणि २८ चेकियात राष्ट्रीय सुट्टी असते, तेव्हा त्या-त्या दिवशी त्या-त्या देशात नसलेलं बरं.

रातकिडा

नोव्हेंबरची बाजू कोणीतरी घ्यायला हवी. नोव्हेंबरचे पहिले दोन आठवडे म्हणजे स्वस्त हॉटेलं, चित्रांसमोर एकट्याने उभं राहता येईल अशी संग्रहालयं, ऑपेराची सहज मिळणारी तिकिटं. बुडापेस्टची कुंडं तर थंडीतच खरी. सेचेन्यीच्या उघड्या अंगणातल्या कुंडात पाणी ३८ अंशांच्या जवळपास असतं. बाहेर ३ अंश असताना पाण्यावरून इतकी वाफ उठते की समोरची पिवळी इमारत दिसेनाशी होते आणि गळ्यापर्यंत पाण्यात बसलेले आजोबा बुद्धिबळ खेळत असतात. जुलैमध्ये त्याच पाण्यात घाम येतो. दोघंच जाणार असाल, चित्रं-संगीत-कुंडं एवढाच कार्यक्रम असेल, तर नोव्हेंबरला नाकं मुरडू नका.

पण केशरी_छत्री, तुमच्या घरासाठी एक अडचण कोणत्याही महिन्यात राहील. सेचेन्यी, रुदाश अशा औष्णिक स्नानगृहांत १४ वर्षांखालच्या मुलांना घेत नाहीत. मुलीला मार्गारेट बेटावरच्या पालाटिनुससारख्या कौटुंबिक जलतरण संकुलात न्या आणि मोठ्यांनी आळीपाळीने कुंडात जा. गेलर्ट स्नानगृह सोडून द्या, ते ऑक्टोबर २०२५ पासून नूतनीकरणासाठी बंद आहे आणि २०२८ पर्यंत उघडायचं नाही. सोबत टॉवेल आणि रबरी चपला न्या. पोहण्याच्या तलावात टोपी लागते, गरम कुंडात लागत नाही.

गवती_चहा

आणि नाताळ? फोटोंमध्ये तर तेच सर्वांत सुंदर दिसतं.

पश्चिमरंग

सुंदर असतंच. घोळ होतो तो तारखांचा. आपल्या शाळांची सुट्टी लागते २४ च्या आसपास आणि व्हिएन्नातले बहुतेक बाजार संपतात २३ ते २६ डिसेंबरला. म्हणजे तुम्ही पोचता तेव्हा ते आवरत असतात. २०२७ मध्ये २४ ला शुक्रवार आहे: व्हिएन्नात दुपारी दुकानं बंद होतील, २५ आणि २६ पूर्ण बंद. बुडापेस्टमध्ये २४ ला दुपारनंतर सार्वजनिक वाहतूक जवळजवळ थांबते, मोजक्याच मार्गांवर तुरळक गाड्या धावतात. त्या संध्याकाळी बरीच उपाहारगृहंही बंद असतात. शाकाहारी कुटुंबाने २३ लाच दोन दिवसांचं सामान भरून ठेवायला हवं.

तरीही जायचंच तर १८–१९ डिसेंबरला निघा, शाळेचे चार दिवस बुडवून. आधी व्हिएन्ना, मग बुडापेस्ट, शेवटी प्राग, कारण प्रागच्या जुन्या चौकातला बाजार ६ जानेवारीपर्यंत चालतो. बाजारात गरम पेय कपात मिळतं आणि कपाची अनामत, साधारण ४–५ युरो, आधी घेतात. कप परत दिला की पैसे परत. कप आवडला तर ठेवून घ्यायचा, दर वर्षी नवीन चित्र असतं. मुलीसाठी 'किंडरपुन्श' मागा, त्यात दारू नसते. व्हिएन्नाच्या नववर्ष मैफलीच्या आशेवर राहू नका; तिच्या तिकिटांची सोडत आदल्या फेब्रुवारीत नोंदणी करून होते.

सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी मात्र ओले थंड दगड आणि ८ तासांचा दिवस हा वाईट मेळ आहे. मी नाताळ सुचवणार नाही.

दूरदर्शी

पंचांगवाला आणि डॅन्यूबकाठ यांचं धरून तारखा मांडतो. दिशा उलटी करा: बुडापेस्ट, व्हिएन्ना, प्राग. वसंत दक्षिणेकडून वर सरकतो. एप्रिलमध्ये बुडापेस्ट प्रागपेक्षा दोन-तीन अंशांनी उबदार असतं आणि महिनाअखेरीस पोचलात तर प्रागमध्ये पेत्रशिनवर झाडं फुललेली मिळतात. शरदात हेच उलट करायचं, प्राग आधी.

रविवार १८ एप्रिल २०२७ ला बुडापेस्ट, ३ रात्री. बुधवार २१ ला व्हिएन्ना, ४ रात्री. रविवार २५ ला प्राग, ५ रात्री. शुक्रवार ३० ला परत, १ मेच्या गर्दीच्या आदल्या दिवशी. यात व्हिएन्नात सोमवार येत नाही, म्हणजे संग्रहालयाचा प्रश्न सुटला, आणि गुरुवार येतो, म्हणजे रात्री ९ पर्यंतचा दिवस मिळाला.

बुडापेस्टहून व्हिएन्ना रेल्वेने पावणेतीन तासांच्या आत, व्हिएन्नाहून प्राग ४ तास. विमानाचं तिकीट मुंबई–बुडापेस्ट आणि प्राग–मुंबई असं एकाच आरक्षणात घ्या. परत बुडापेस्टला येण्यात ७ तास आणि एक रात्र वाया जाते.

पंचांगवाला

तारखा उत्तम, फक्त एक भर. २०२७ मध्ये ज्यूंचा वल्हांडण हा सण २१ एप्रिलच्या संध्याकाळी सुरू होऊन २९ पर्यंत आहे. प्रागचं ज्यू संग्रहालय, म्हणजे जुनी दफनभूमी आणि सिनेगॉग मिळून जे तिकीट असतं ते, शनिवारी आणि ज्यू सणांना बंद असतं. २८ आणि २९ एप्रिल हे सणाचे शेवटचे दोन दिवस आहेत. तेव्हा ते सोमवार २६ किंवा मंगळवार २७ लाच उरका आणि किल्ला नंतर ठेवा. बुडापेस्टच्या दोहान्य रस्त्यावरच्या मोठ्या सिनेगॉगला अडचण नाही, तुम्ही तिथे रविवार ते बुधवार आहात.

केशरी_छत्री

हे लक्षातच आलं नसतं. व्हिसा कोणत्या देशाचा? आता रात्री ३-४-५ झाल्या.

कागदोपत्री

बरं झालं समान राहिल्या नाहीत. शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा, ज्या देशात सर्वांत जास्त मुक्काम, त्या देशाकडे मागायचा. आता प्राग ५, म्हणजे चेकिया, निर्विवाद. ४-४-४ असत्या तर शेंगेनमध्ये प्रथम जिथे पाऊल टाकता तो देश, आणि विमान फ्रँकफर्टहून बदललं तर तिथूनच प्रवेश होतो. अर्ज चुकीच्या ठिकाणी गेला असं ठरून परत येऊ शकतो. म्हणून एखादी रात्र इकडे-तिकडे करून ठेवणं नेहमीच शहाणपणाचं.

अर्ज प्रवासाच्या ६ महिने आधीपासून १५ दिवस आधीपर्यंत करता येतो. निर्णयाला नेहमीचे १५ दिवस, काही प्रकरणांत ४५. तुमच्या बाबतीत खिडकी १८ ऑक्टोबर २०२६ ला उघडते. फेब्रुवारीनंतर उन्हाळी सुट्टीवाले सगळे एकदम येतात आणि भेटीची वेळच मिळत नाही. जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात अर्ज जाऊ द्या. शुल्क सध्या मोठ्यांना ९० युरो, ६ ते ११ वर्षांच्या मुलांना ४५, व्हिसा-अर्ज केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. विमा किमान ३०,००० युरोंचा. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर ३ महिने वैध हवा, मागच्या १० वर्षांत काढलेला हवा आणि दोन पानं कोरी. ज्येष्ठांच्या पासपोर्टची तारीख आधी पाहा, तिथेच अडतं. हॉटेल आणि गाड्या व्हिसा येईपर्यंत रद्द करता येतील अशाच घ्या.

आणि एक. शेंगेनच्या सीमेवर आता शिक्क्याऐवजी संगणकीय नोंद होते, फोटो घेतात, बोटांचे ठसे पडताळतात. १२ वर्षांखालच्यांचे ठसे घेत नाहीत, फक्त फोटो. यामुळे रांग लांबते. पहिल्या शेंगेन विमानतळावर पुढच्या विमानासाठी अडीच-तीन तास ठेवा. ७५ मिनिटांचं 'स्वस्त' जोडविमान घेऊ नका.

डॅन्यूबकाठ

गुडघ्यांसाठी तीन जागा. प्रागचा किल्ला: खालून चढू नका. २२ क्रमांकाच्या ट्रामने 'प्राझ्स्की ह्राद' थांब्यावर उतरा, तिथून वाट जवळजवळ सपाट आहे. परततानाही तीच ट्राम घ्या. जुन्या पायऱ्यांनी उतरणं चढण्यापेक्षा गुडघ्याला वाईट. बुडापेस्टची बुडा टेकडी: देआक चौकातून १६ क्रमांकाची बस थेट वर जाते. शोनब्रुन: बाग प्रचंड आहे आणि ग्लोरिएट ही कमानींची इमारत टेकडीवर. मार्चच्या मध्यापासून ऑक्टोबरअखेरपर्यंत बागेत छोटी पर्यटक-गाडी फिरते, ती वर नेऊन सोडते. नोव्हेंबर-डिसेंबरात ती नसते. एप्रिलच्या बाजूने हेही एक कारण धरा.

चार्ल्स ब्रिजवर सकाळी ७ ला जा. एप्रिलच्या शेवटी सूर्य ६ च्या आधीच उगवतो, म्हणून ७ ला भरपूर उजेड आणि पूल मोकळा असतो. साडेनऊनंतर गटांच्या झेंड्यांमागून चालावं लागतं.

गवती_चहा

शाकाहाराच्या दृष्टीने एप्रिल कसा?

डॅन्यूबकाठ

सर्वांत चांगला. एप्रिलच्या मध्यापासून २४ जूनपर्यंत पांढऱ्या शतावरीचा हंगाम असतो, 'स्पार्गेल'. एरवी शाकाहारी म्हणून नुसतं चीज आणि बटाटे पुढे येतात, या दिवसांत बहुतेक जुन्या खानावळींत शतावरीचं वेगळं कार्ड असतं. लोणी किंवा अंड्याच्या पिवळ्या सॉसबरोबर येते, तुम्हाला अंडं चालतं म्हणजे प्रश्न नाही. मागवताना दोन शब्द पाहा: 'मिट शिंकेन' लिहिलं असेल तर वर डुकराच्या मांसाचे काप असतात, आणि सूपमध्ये 'रिंड' असेल तर ते गाईच्या हाडांच्या पाण्याचं. भाज्यांचं दिसणारं सूपही पुष्कळदा त्याच पाण्यात केलेलं असतं, म्हणून 'फेगेटारिश?' असं विचारूनच घ्या. याच महिन्यात 'बेअरलाउख' म्हणजे रानलसणीच्या पानांचं हिरवंगार सूपही मिळतं. लसणीच्या पातीची चटणी आवडणाऱ्या कोणालाही ते पहिल्या घोटात ओळखीचं वाटेल.

केशरी_छत्री

१८ ते ३० एप्रिल नक्की करते आहे. शेवटचा प्रश्न: रेल्वेची तिकिटं कधी घ्यायची, आणि जागा राखून ठेवावी लागते का?

कागदोपत्री

सवलतीची तिकिटं साधारण ६ महिने ते ३ महिने आधी निघतात आणि स्वस्त वाटा आधी संपतो, पण ती बहुधा परत होत नाहीत. व्हिसा हातात आला की त्याच दिवशी घ्या. या दोन्ही मार्गांवर जागा राखणं सक्तीचं नाही, तरी राखा. माणशी थोडेच युरो लागतात. २५ तारीख रविवार आहे, व्हिएन्नाहून प्रागच्या गाडीत रविवारी दुपारी माणसं दारापाशी बॅगांवर बसलेली असतात. सकाळची ११ च्या आतली गाडी घ्या, चार जागा टेबलाभोवतीच्या मागा, आणि डब्याचा क्रमांक फलाटावरच्या पाटीवर आधी पाहून त्या खुणेपाशी उभे राहा, कारण गाडी फार वेळ थांबत नाही आणि दोन मोठ्या बॅगा घेऊन आतून डबे ओलांडत जाणं अवघड जातं.